खण बदलला, की नुसती पाटी?

एका वाचक मैत्रिणीचं पत्र आलंय. थोडं कापून देते.

‘ताई, मी कार्यालयात तक्रारींचं टेबल सांभाळते. आजवर तक्रारींचे पाच प्रकार होते : विलंब, वर्तणूक, चुकीचं बिल, चुकीची माहिती आणि इतर. निम्म्याहून जास्त कागद त्या “इतर”मध्येच जाऊन पडायचे. यंदा आम्ही ठाण मांडून बसलो. बिल आणि माहिती हे दोन प्रकार एकत्र करून “चुका” असा एक केला, “विलंब”चं नाव बदलून “प्रतीक्षा कालावधी” ठेवलं आणि “इतर” फोडून त्याचे पाच वेगळे प्रकार केले. एकूण आठ. जुन्या सगळ्या तक्रारी आता त्या आठांत लावल्यात. त्याचा इंग्रजी अहवाल मी लिहिला : “वी हॅव रिसॉर्टेड ऑल द कम्प्लेंट्स. टू कॅटेगरीज वेअर क्लब्ड. द कॅटेगरी अदर्स हॅज बीन डीक्लासिफाइड अँड बायफरकेटेड इंटू फाइव्ह.” साहेबांनी चार शब्दांखाली लाल रेघा ओढल्या आणि कागद परत पाठवला. सोबत एक अक्षर नाही. शब्दकोश उघडला तर “पुनर्वर्गीकरण”पुढे रीक्लासिफाय, रीकॅटेगराइझ, रीग्रुप, रीअरेंज, सगळे एका रांगेत. शेजारचा सहकारी म्हणतो, “सेग्रिगेट” लिही, भारदस्त वाटतं. यातला बरोबर कुठला? आणि कृपा करून हसू नका.’

खाली सही : कप्प्यात अडकलेली.

प्रिय कप्प्यात अडकलेली,

हसले. खोटं कशाला बोलू? पण तुम्हाला नाही हसले. त्या चार शब्दांपैकी एकावर मी स्वतः असं तोंड फोडून घेतलंय की तुमची लाल रेघ त्यापुढे काहीच नाही. ते सांगतेच. आधी रेघा एकेक करून पुसू.

रिसॉर्टेड. तुम्हाला म्हणायचं होतं ‘पुन्हा सॉर्ट केल्या’. वाचणाऱ्याला दिसला तो मात्र रिझॉर्ट, म्हणजे दुसरं काही जमेना म्हणून एखाद्या उपायाकडे वळणं. ‘आम्ही तक्रारींचा आश्रय घेतला’ असं काहीसं तुमचं वाक्य झालं. इंग्रजीत इथे मधे आडवी रेघ लागते, री-सॉर्ट. ती छोटी रेघ फार कामाची आहे. री-साइन म्हणजे पुन्हा सही करणं आणि रेघ खाल्ली की रिझाइन, राजीनामा. री-कव्हर म्हणजे खुर्चीला नवं कापड आणि रिकव्हर म्हणजे दुखण्यातून उठणं. बोलताना आपण उच्चारातला फरक बरोबर करतो. लिहिताना हात घसरतो.

पण रेघ घातली असती तरी ‘सॉर्ट’ इथे मला नकोच होता. त्याच्या पोटात दोन कामं आहेत. एक, वेगवेगळ्या ढिगांत टाकणं. दुसरं, एका ओळीत क्रमानं लावणं. संगणकावर ज्यांचा दिवस जातो त्यांना दुसरंच आधी आठवतं. तक्त्यातलं सॉर्टचं बटण दाबलं की रांगा तारखेनं किंवा अक्षरानं वरखाली होतात, कप्पा कुणाचाच बदलत नाही. तुमच्या साहेबांना वाटलं असेल, तारखेनं लावल्या, मग त्यात अहवाल लिहिण्यासारखं काय? सॉर्ट वापरायचाच असेल तर त्याच्या मागचा छोटा शब्द सांभाळा. ‘सॉर्ट इंटू’ म्हटलं की कप्पे, ‘सॉर्ट बाय’ म्हटलं की निकष. आणि ‘सॉर्ट आउट’ तर चुकूनही नको, त्याचा अर्थ तक्रारी निकाली काढल्या असा होतो. वरचे लोक ते वाचून खूश होतील आणि मग आकडे मागतील.

क्लब्ड. हा आपल्या कचेऱ्यांतला इतका रुळलेला शब्द आहे की त्यात काही खटकावं असं आपल्याला वाटतच नाही. दोन अर्ज क्लब केले, दोन सुट्ट्या क्लब केल्या. घरातल्या घरात चालतं, मीही बोलते. पण अहवाल बाहेर जाणार असेल तर लक्षात ठेवा, बाहेरच्या इंग्रजीत क्लब हे क्रियापद मुख्यतः सोटा हाणण्यासाठी वापरतात. ‘क्लब टुगेदर’ असं ब्रिटिश लोक म्हणतात, तेव्हा माणसं वर्गणी काढत असतात. दोन तक्रार-प्रकारांना सोट्यानं बडवण्यापेक्षा साधं ‘मर्ज’ किंवा ‘कम्बाइन’ लिहा. ‘लम्प’ सुद्धा आहे, पण त्यात थोडी निंदा आहे, सगळे घोडे बारा टक्के केल्याची. गंमत म्हणजे प्राणी-वनस्पतींच्या जाती ठरवणाऱ्यांमध्ये या स्वभावाचं नावच पडलंय. फरक दिसला की नवी जात पाडणारे ते स्प्लिटर, आणि सारखेपणा पाहून एकत्र कोंबणारे ते लम्पर. चार्ल्स डार्विननं 1857 साली हूकर या वनस्पतिशास्त्रज्ञाला लिहिलेल्या पत्रात हे दोन्ही प्रकारचे लोक असलेले बरे, असं म्हटलंय. तुमच्या बैठकीतही दोन्ही प्रकारचे असणार. आठावर थांबलात म्हणजे कुणीतरी स्प्लिटरांना वेळेत चहा दिला.

बायफरकेटेड इंटू फाइव्ह. हे वाचून मी दोन मिनिटं खुर्चीत मागे टेकून बसले होते. बाय म्हणजे दोन, आणि फुर्का म्हणजे लॅटिनमध्ये दुबेळक्या काठीसारखा काटा. बायफरकेट म्हणजे रस्त्याला किंवा नदीला दोन फाटे फुटणं. दोनच. पाच फाटे फुटले तर तो बायफरकेट नव्हे. मराठीत आपण ‘फाटे फोडणं’ म्हणतो तेव्हा मोजत बसत नाही, त्यामुळे ही चूक आपल्याकडून सहज होते. ‘स्प्लिट इंटू फाइव्ह’ म्हणा. इंग्रजीत पाचच अक्षरांचा शब्द आहे म्हणून त्याला कमी लेखू नका.

आता डीक्लासिफाइड, माझा जुना वैरी.

क्लासिफाय म्हणजे वर्गवारी करणं. मग ‘डी’ लावला की वर्गवारी काढून टाकणं, हा हिशेब कुणालाही पटेल. मलाही पटला होता. अनुवादाच्या धंद्यात नवी असताना एका लेखात ‘डीक्लासिफाइड फाइल्स’ आल्या आणि मी बेधडक ‘वर्गीकरण काढून घेतलेल्या फायली’ असं केलं. ते तसंच छापून आलं. खरं तर त्या गुप्त फायली होत्या, सरकारनं गोपनीयता उठवून खुल्या केलेल्या. कागदांची ‘गुप्त’, ‘अतिगुप्त’ अशी प्रतवारी करत करत इंग्रजीत क्लासिफाइडचा अर्थच गोपनीय असा झाला आणि डीक्लासिफाय म्हणजे ती मोहर उठवणं. त्याच क्लासिफाइडचं अनेकवचन वर्तमानपत्रात भेटतं तेव्हा मात्र त्या छोट्या जाहिराती असतात, ज्या मुद्दाम जगाला दाखवण्यासाठीच छापलेल्या असतात! तुमच्या वाक्याचा अर्थ असा झाला की ‘इतर’ नावाची एक गुपचूप फाइल होती, ती आता जनतेसाठी उघडली. ज्यांनी तक्रारी केल्या ते धावत येतील.

तर लाल रेघा पुसल्या. तुमचा खरा प्रश्न त्यांच्यामागे राहिलाय : शब्दकोशात सगळे एका रांगेत का? कारण शब्दकोश ‘पुनर्वर्गीकरण’ हा आपला एकच संस्कृत डगला सगळ्यांना चढवतो. तो डगला काढा आणि स्वतःला रोजच्या मराठीत विचारा, हललं काय? वस्तू एका खणातून दुसऱ्या खणात गेली? खणच नव्यानं पाडले? की खण तोच, वस्तू तीच, नुसती वरची पाटी बदलली? तुमच्या एका बैठकीत ही तिन्ही कामं झालीत आणि तुम्ही तिन्हींसाठी एक शब्द शोधत होतात. तो सापडणार नव्हताच.

देवमाशाची गोष्ट सांगते, म्हणजे हे डोळ्यांपुढे येईल. कार्ल लिनियस या स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञानं 1735 साली ‘सिस्टिमा नॅचुरी’ या ग्रंथात सगळ्या सृष्टीचे खण पाडले. प्राण्यांच्या एका खणावर पाटी होती क्वाड्रुपेडिया, चार पायांचे. दुसरा खण माशांचा. देवमासा पाण्यात राहतो म्हणून त्यानं तो माशांत टाकला, आपल्या भाषेनंही त्याला मासाच म्हटलंय. पुढे 1758च्या दहाव्या आवृत्तीत लिनियसनं देवमासा माशांतून काढला, कारण तो फुफ्फुसानं श्वास घेतो आणि पिल्लांना दूध पाजतो. हे झालं वस्तूचं खण बदलणं, इंग्रजीत रीक्लासिफाय. पण आता पंचाईत अशी की ज्या खणात त्याला न्यायचं त्यावर पाटी ‘चार पायांचे’, आणि देवमाशाला पाय कुठे? म्हणून त्याच आवृत्तीत पाटीही बदलली, मॅमेलिया झाली, म्हणजे स्तन असलेले. ती पाटी बदलणं म्हणजे रीनेम. रीनेमनं गाय, कुत्रा, उंदीर यांचं काहीच हललं नाही. ते होते तिथेच राहिले, फक्त दारावरचं नाव निराळं झालं. तुमचा ‘विलंब’ हा तो उंदीर. त्याचं ‘प्रतीक्षा कालावधी’ झालं, आतला एकही कागद हलला नाही. त्याला रीक्लासिफाय म्हणालात तर तपासणारा माणूस हललेले कागद शोधत बसेल. ‘रीनेम्ड’ लिहा. ‘रीलेबल्ड’ही चालेल, पण त्यात कधीकधी जुनाच माल नव्या चिठ्ठीनं खपवल्याचा वास येतो. (इथे तो वास थोडा खराही आहे. विलंबाला प्रतीक्षा कालावधी म्हटल्यानं काम लवकर होत नाही. पण तो प्रश्न तुम्ही विचारलेला नाही.)

खणच नवा पाडल्याचं उदाहरण सगळ्यांना ठाऊक आहे, प्लूटो. 1930 साली सापडल्यापासून तो ग्रहांत होता. 24 ऑगस्ट 2006 रोजी प्रागमध्ये आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघटनेनं ग्रहाची व्याख्या पक्की केली, बटुग्रह असा वेगळा खण पाडला आणि प्लूटोला त्यात ठेवलं. म्हणजे आधी खण, मग वस्तू. लोकांनी मात्र त्याला रीक्लासिफाइड न म्हणता ‘डिमोटेड’ म्हटलं, बिचाऱ्याची पदावनती झाली. अमेरिकन डायलेक्ट सोसायटीनं 2006चा शब्द म्हणून ‘प्लूटोड’ निवडला, अर्थ पत घसरलेला, खालच्या पायरीवर आलेला. या गडबडीत सेरेसकडे कुणी पाहिलं नाही. 1801 साली सापडला तेव्हा तोही ग्रहच म्हणवत होता. मग लघुग्रहांत गेला आणि 2006ला प्लूटोसोबत बटुग्रह झाला. एकाच्या बाबतीत ओरड झाली की पायरी उतरली, दुसऱ्याची पायरी खरं तर चढली, दोघं आले एकाच खणात.

यावरून एक पथ्य निघतं. खणांमध्ये वर-खाली असेल तरच अपग्रेड, डाउनग्रेड, रीग्रेड. ती प्रतवारी आहे, वर्गवारी नव्हे. अमेरिकेत चक्रीवादळांची एक ते पाच अशी प्रत असते. 1992 साली फ्लोरिडावर आदळलेलं अँड्र्यू वादळ आधी चौथ्या प्रतीचं धरलं होतं. दहा वर्षांनी, 2002 साली, मोजमापं पुन्हा तपासून ते पाचव्यात घेतलं. तिथे अपग्रेड शोभतो, कारण शिडी आहे. तुमच्या ‘वर्तणूक’ आणि ‘चुका’ यांत शिडी नाही. वर्तणुकीची तक्रार चुकांत गेली तर ती अपग्रेडही नाही आणि डाउनग्रेडही नाही.

रीक्लासिफाय की रीकॅटेगराइझ, यावर तुम्ही झोप उडवून घेऊ नका. दोन्ही चालतात. मी पहिला निवडते. क्लासिफायमध्ये नियम, क्रमांक, नोंदवही असा एक सरकारी शिस्तीचा सूर आहे. ग्रंथालयं पुस्तकं क्लासिफाय करतात, हिशेबनीस खर्च क्लासिफाय करतात. कॅटेगराइझ मोकळाढाकळा आहे, मनातल्या मनात माणसांनाही आपण कॅटेगराइझ करतो. शिवाय रीकॅटेगराइझच्या शेवटी एस लिहायचा की झेड, हा ब्रिटिश-अमेरिकन तंटा टळतो. तुमच्या खात्याला शोभेल अशी एक गोष्ट मात्र कॅटेगरीच्या पोटात आहे. ग्रीकमध्ये त्याच्या मुळाशी आहे भर सभेत एखाद्यावर आरोप करणं. अॅरिस्टॉटलनं ते उचलून ‘एखाद्या गोष्टीविषयी काय म्हणता येईल’ या अर्थी वापरलं, तिथून ते आपल्या कप्प्यांपर्यंत आलं. म्हणजे कॅटेगरी हीच मुळात तक्रार होती.

क्लासिफायच्या मागे काय लावायचं तेही इथेच सांगून टाकते, कारण तिथे आपण मराठीतलं ‘मध्ये’ सरसकट ‘इन’ करून टाकतो. ढीग गटांत वाटला तर ‘इंटू’. एका वस्तूला काय ठरवलं ते सांगायचं तर ‘अॅज’. नोंदीच्या मथळ्याखाली टाकलं तर ‘अंडर’. आणि रीक्लासिफाय करताना ‘फ्रॉम’ अमुक ‘टू’ तमुक, म्हणजे वाचणाऱ्याला निघाला कुठून आणि पोहोचला कुठे, दोन्ही कळतं.

रीग्रुप मी टाळेन. त्याचा मूळ बाज लष्करी आहे, मार खाऊन विखुरलेली तुकडी पुन्हा एकत्र येते तो. कचेरीत ‘लेट्स रीग्रुप ऑन मंडे’ म्हणजे सोमवारी परत बसू. अमेरिकन शाळांत तर रीग्रुपिंग म्हणजे आपला हातचा घेणं! एकच जागा आहे जिथे तो मला डोळे मिटून मान्य आहे : ताळेबंदाच्या टिपा. मागच्या वर्षीचे आकडे आवश्यक तिथे ‘रीग्रुप्ड’ किंवा ‘रीक्लासिफाइड’ केले आहेत, ही ओळ हिशेबनीस मंडळी वर्षानुवर्षं लिहीत आलीत. तिचा अर्थ सरळ आहे, यंदाचे खण बदलले म्हणून गेल्या वर्षीचे आकडेही नव्या खणांत मांडले, नाहीतर तुलना कशाशी करणार? रीअरेंज आणि रीऑर्डर हे मांडणीचे, क्रमाचे शब्द आहेत. रीऑर्डरमध्ये तर ‘पुन्हा मागवा’ हा दुसरा अर्थही बसलाय. तक्रारी पुन्हा मागवायच्या नसतील तर तोही नको.

सहकाऱ्याच्या सेग्रिगेटचं काय करायचं? कचरा सेग्रिगेट करा असं आपण रोज वाचतो, म्हणून तो आपल्याला निरुपद्रवी वाटतो. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ कळपापासून वेगळं काढणं. पण अमेरिकेत आणि दक्षिण आफ्रिकेत माणसांना वर्णावरून वेगळ्या शाळांत, वेगळ्या बाकांवर बसवलं गेलं, त्या अन्यायाला हाच शब्द होता, आणि तिकडच्या वाचकाच्या कानात तोच वाजतो. तक्रार करणारी माणसंच आहेत. सहकाऱ्याला सांगा, भारदस्त वाटतं हे खरं, पण वजन भलत्याच गोष्टीचं आहे.

राहता राहिला तुमचा ‘इतर’. तुम्ही तो फोडलात याबद्दल मला तुमचं मनापासून कौतुक आहे, कारण हा खण फोडायला धाडस लागतं. लिनियसलाही तो मोह आवरला नव्हता. पाठीचा कणा नसलेला आणि कीटकांतही न बसणारा जवळजवळ प्रत्येक जीव त्यानं ‘व्हर्मीस’, म्हणजे कृमी, या एका खणात कोंबला. गांडूळ, गोगलगाय, तारामासा, सगळे शेजारी. पुढे लामार्क या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञासारख्यांनी ते गाठोडं सोडायला घेतलं. जीवशास्त्रज्ञ अशा खणाला आजही ‘वेस्टबास्केट टॅक्सॉन’ म्हणतात, रद्दीच्या टोपलीतला वर्ग. तुमच्या ‘इतर’साठी ‘ब्रोक अप’ किंवा ‘स्प्लिट’ लिहा.

आता अहवालाचा परिच्छेद मी असा लिहीन. आवडला तर उचला :

‘वी हॅव रीप्लेस्ड द फाइव्ह ओल्ड कॅटेगरीज विथ एट न्यू वन्स. राँग बिल अँड राँग इन्फर्मेशन हॅव बीन मर्ज्ड अंडर एरर्स. डिले हॅज बीन रीनेम्ड वेटिंग टाइम. अदर्स हॅज बीन स्प्लिट इंटू फाइव्ह. ऑल अर्लियर कम्प्लेंट्स हॅव बीन रीक्लासिफाइड अकॉर्डिंगली.’

पाच वाक्यं, प्रत्येकात एकच क्रियापद काम करतंय. ‘अकॉर्डिंगली’ थोडा कोट-टाय घातलेला आहे, पण साहेबांसाठी राहू दे.

तुमच्या पत्राच्या कडेला पेन्सिलीनं एक प्रश्न होता, तो जवळजवळ सुटलाच होता : अहवालामागे जुन्या-नव्या प्रकारांचा तक्ता जोडायचाय, त्याला काय म्हणू? आकडेवारीच्या कामात त्याला ‘कॉरस्पॉन्डन्स टेबल’ म्हणतात, संयुक्त राष्ट्रांची सांख्यिकी शाखा उद्योगांची वर्गीकरणं बदलते तेव्हा याच नावानं तक्ते काढते. ग्रंथालयात आणि संगणकवाल्यांत ‘क्रॉसवॉक’ म्हणतात, रस्ता ओलांडायच्या पट्ट्यांवरून. मला तो आवडतो, पण वरच्या मजल्यावर पाठवायचंय म्हणून पहिला घ्या. डावीकडे जुना प्रकार, उजवीकडे नवा. बिल आणि माहिती या दोन ओळी उजवीकडे एकाच ‘एरर्स’वर येतील आणि ‘अदर्स’समोर पाच ओळी सुटतील. तिथे प्रत्येक ओळीत किती कागद गेले तो आकडा टाका, आणि पाचांची बेरीज जुन्या ‘इतर’इतकी येते ना, ते पाठवण्यापूर्वी एकदा जुळवून बघा. एखाददुसरा कागद कमी भरला तर टेबलाच्या मागे पडलेला असतो.